‘ये गं, सहजच!’ : घरगुती सेल पार्टीचं आमंत्रण कसं द्यायचं (आणि कसं नाकारायचं)

ज्यांनी हा भाग कानात इअरफोन घालून ऐकलाय त्यांना हे वाचताना माझा आवाज ऐकू येईलच. ज्यांनी ऐकलेला नाही त्यांनी नुसतं वाचलं तरी काही बिघडत नाही. बोलताना झालेले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ मी काढून टाकलेत, बाकी सगळं तसंच ठेवलंय.

आजचा विषय तुमच्या घरात, निदान तुमच्या व्हॉट्सॲपमध्ये तरी येऊन गेलेला असणार. कुणाच्या तरी घरी डब्यांचा डेमो, कुणाकडे कॉस्मेटिक्स, कुणाकडे साड्या, कुणाकडे नॉनस्टिक तवे. आपण जायचं, सोफ्यावर बसायचं, चहा-पोहे खायचे, वस्तू बघायच्या आणि निघताना काहीतरी ऑर्डर करायचं. इंग्रजीत याला होम पार्टी म्हणतात. आपल्याकडे कुणी ‘डेमो’ म्हणतं, कुणी ‘घरगुती प्रदर्शन’, कुणी नुसतंच ‘पार्टी’.

आता मी कोडिंग करणारी मुलगी यावर का बोलतेय? कारण माझी मावसबहीण गेली काही वर्षं हे काम करते. तिचं म्हणणं असं, की वस्तू कशी दाखवायची हे कंपनी शिकवते, पण लोकांना बोलवायचं कसं हे मात्र ज्याचं त्यानं शिकायचं. आणि सगळा घोळ होतो तो नेमका तिथेच.

पार्टीत तीन माणसं असतात

आधी रचना समजून घेऊ. अशा पार्टीत तीन भूमिका असतात. एक विक्रेती, जी माल आणते आणि डेमो देते. दुसरी होस्ट, जिच्या घरात हे सगळं होतं. तिसरे पाहुणे. विक्रेतीला विक्रीवर मार्जिन किंवा कमिशन मिळतं. होस्टला बहुतेक वेळा पैसे मिळत नाहीत, एकूण विक्री किती झाली त्यावर तिला गिफ्ट मिळतं. आणि पाहुण्यांना मिळतो चहा.

लक्षात घ्या, आमंत्रण देते ती होस्ट. विक्रेतीला पाहुणे ओळखतही नसतात. आपण ज्या घरी जातो ते मैत्रिणीचं असतं, आणि माल विकणारी असते तिसरीच कुणीतरी. या पद्धतीची सगळी ताकद यातच आहे आणि सगळा त्रासही यातच आहे.

अजून एक गोष्ट म्हणजे बुकिंग. आज आलेल्या पाहुण्यांपैकी एखादी म्हणते, ‘पुढच्या महिन्यात माझ्याकडे ठेवूया.’ म्हणजे आजची पाहुणी ही उद्याची होस्ट. नव्या पार्ट्या अशाच जुन्या पार्ट्यांमधून निघतात. त्यामुळे आजच्या पाहुण्यांना फसवल्यासारखं वाटलं, तर पुढची साखळी तिथेच तुटते.

हे आलं कुठून?

थोडा इतिहास सांगते, कंटाळू नका. अमेरिकेत अर्ल टपर नावाच्या माणसानं १९४०च्या दशकात प्लास्टिकचे डबे बनवले. घट्ट बसणारं झाकण हे त्यांचं वैशिष्ट्य. आज आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही, पण तेव्हा दुकानात ठेवलेले हे डबे लोक हातात घेत आणि परत ठेवून देत. झाकण कसं लावायचं, आतली हवा कशी बाहेर काढायची, हेच कुणाला कळेना.

त्याच काळात ब्राउनी वाइज नावाची एक बाई हेच डबे घरगुती पार्ट्यांमध्ये धडाधड विकत होती. ती घटस्फोटित होती आणि एकटीनं मुलगा वाढवत होती. त्याआधी ती स्टॅनली होम प्रॉडक्ट्स या कंपनीच्या वस्तू अशाच पार्ट्यांमध्ये विकायची, त्यामुळे पद्धत तिच्या हातातली होती. डब्यात द्राक्षाचा रस भरायचा, झाकण लावायचं आणि डबा सरळ खोलीत भिरकावून द्यायचा. रस सांडला नाही की पुढे काही समजावून सांगायची गरजच उरत नसे.

१९५१ साली टपरवेअरनं आपला माल दुकानांमधून काढून घेतला आणि फक्त घरगुती पार्ट्यांमधून विकायचं ठरवलं. या विभागाची सूत्रं ब्राउनी वाइजकडे आली. १९५४ साली ‘बिझनेस वीक’ मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकणारी ती पहिली स्त्री ठरली. १९५८ साली टपरनं तिला कामावरून काढलं, आणि त्याच वर्षी कंपनीही विकून टाकली. भारतात टपरवेअर आलं १९९६ मध्ये. मूळ अमेरिकन कंपनीनं सप्टेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला, ही बातमी तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल.

यातून आपल्या कामाचा मुद्दा एकच. घरी बोलावून दाखवण्याची पद्धत जिंकली, कारण ती वस्तू हातात घेऊन बघितल्याशिवाय कळत नव्हती. आज डेमो तर यूट्यूबवर फुकट मिळतो. मग कुणी तुमच्या घरी का यावं? लिपस्टिकची शेड स्वतःच्या त्वचेवर कशी दिसते, साडीचा पोत कसा आहे, डबा आपल्या फ्रिजच्या कप्प्यात बसेल का, तवा हाताला किती जड लागतो, ही उत्तरं फोनवर मिळत नाहीत. तुमच्या वस्तूबाबत असं काही उत्तर असेल तरच लोकांना घरी बोलवा, आणि आमंत्रणात ते लिहा. तसं काही नसेल तर फोटो आणि किंमत पाठवलेली बरी. सगळ्यांचाच वेळ वाचेल.

लोक वस्तूसाठी घेतात की भिडेखातर?

आता खरा प्रश्न. अशा पार्टीत आपण वस्तू का घेतो?

रॉबर्ट चाल्डिनी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८४ साली ‘इन्फ्लुएन्स’ हे पुस्तक लिहिलं. माणसाकडून ‘हो’ कसं वदवून घेतलं जातं, हा त्याचा विषय. त्यात त्यानं घरगुती पार्टीचं उदाहरण घेतलंय. समोर बोलणारी विक्रेती असली तरी आपल्याला खरी विनंती जाणवते ती मैत्रिणीची, जी बाजूला बसून हसतमुखानं चहा देतेय. पुढे १९९० साली फ्रेन्झेन आणि डेव्हिस या दोन संशोधकांनी अशाच पार्ट्यांचा अभ्यास करून दाखवलं, की पाहुणी खरेदी करेल की नाही यावर तिच्या आणि होस्टच्या नात्याचा मोठा प्रभाव पडतो.

आपल्याकडे यासाठी आधीपासून एक नेमका शब्द आहे. भीड. ‘तिच्या घरचा चहा प्यायला, आता रिकाम्या हातानं कसं उठायचं?’ ही भीड. ‘सगळ्यांनी काही ना काही घेतलं, मीच कशी नाही म्हणू?’ ही पण भीड. आजी म्हणायची, भीड भिकेची बहीण. दोनशे रुपयांचा नको असलेला चमचा-सेट घेऊन घरी परतणाऱ्या कुणालाही या म्हणीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

म्हणजे होस्ट म्हणून तुम्ही पार्टी ठेवता तेव्हा नात्यातली थोडी पुंजी खर्चायला काढता. ते वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. ओळखीतून व्यवसाय जगभर चालतो, आपला किराणावाला पण ओळखीतलाच असतो. पण खर्च होतोय हे तुम्हाला माहीत हवं, आणि पाहुण्याला ते आधी कळायला हवं. आधी कळण्याची जागा एकच आहे, ती म्हणजे आमंत्रण. एकदा माणूस सोफ्यावर बसला की भीड सुरू झाली. त्यामुळे त्याचं खरं ‘हो’ किंवा ‘नाही’ घ्यायचं असेल तर तो त्याच्या स्वतःच्या घरी असतानाच घ्या.

‘सहजच ये’ मध्ये काय चुकतं

सगळ्यात जास्त वापरलं जाणारं आमंत्रण कोणतं? ‘अगं, शनिवारी ये ना, सहजच. सगळ्या भेटू.’ आणि तिथे गेल्यावर टीपॉयवर कॅटलॉग.

हळदीकुंकवाचं बघा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपण एकमेकींकडे जातो. तिथला नियम सरळ आहे : येणारी बाई काहीतरी घेऊन जाते. वाण लुटायचं असतं, विकायचं नसतं. जाणारी पर्स घरी ठेवून गेली तरी चालतं. अशा कार्यक्रमात शेवटी ‘दहा मिनिटं एक डेमो बघून घ्या’ म्हणून दार लावून घेतलं, की बायका ते वर्षानुवर्षं विसरत नाहीत. तेव्हा हळदीकुंकू वेगळं ठेवा आणि विक्री वेगळ्या दिवशी ठेवा. वेगळी ठेवण्याचा एक फायदाही आहे. विक्रीच्या पार्टीला कोणत्याच बाईला वगळायचं कारण नसतं. पुरुषांनाही बोलावता येतं. कढई माझा भाऊ पण विकत घेतो.

‘सहजच’ म्हणून बोलावलेली मैत्रीण त्या दिवशी घेईलही काहीतरी. पण पुढच्या वेळी तुम्ही खरोखर सहज बोलावलंत, तरी ती आधी विचारेल, ‘काही आहे का गं तुझ्याकडे?’ एका पार्टीच्या विक्रीसाठी तुमच्या प्रत्येक आमंत्रणावर असा संशय बसणं फार महाग पडतं.

आधी हिशेब करा

महाग म्हणजे किती, ते आकड्यांत बघू. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, तुमचे तुम्ही टाका.

समजा १० पाहुणे आले आणि सरासरी ऑर्डर झाली ६०० रुपयांची. एकूण विक्री ६,००० रुपये. विक्रेतीचं मार्जिन २० टक्के धरलं तर १,२०० रुपये. त्यातून होस्टचं ३०० रुपयांचं गिफ्ट आणि रिक्षाचे १५० रुपये वजा केले की राहिले ७५०. यात फोन करण्याचा, माल मागवण्याचा आणि नंतर घरोघर पोचवण्याचा वेळ धरलेलाच नाही. होस्टनं पोहे, चहा, वड्या यावर ५०० रुपये खर्च केले आणि गिफ्ट मिळालं ३०० रुपयांचं, म्हणजे ती २०० रुपये तोट्यात.

हा हिशेब मी नाउमेद करायला सांगत नाहीये. एका पार्टीत फार कमाई नसते, कमाई होते ती लोक पुन्हा पुन्हा आले तर. म्हणजे एका दुपारी जास्तीत जास्त माल खपवण्यापेक्षा, दहाही जणींनी पुन्हा फोन उचलणं जास्त किमतीचं आहे. आणि विक्रेत्यांनो, होस्ट तोट्यात जात असेल तर तिला निदान नाश्त्याचा खर्च तरी विचारा.

कुणाला बोलवायचं

फोनमधली कॉन्टॅक्ट लिस्ट वरपासून खालपर्यंत चाळत बसू नका. प्रत्येक नावापाशी दोन प्रश्न विचारा.

पहिला : या माणसाला ही वस्तू खरंच उपयोगाची आहे का? नुकतंच नवीन घर घेतलेली मैत्रीण, बाळाचा डबा शोधणारी वहिनी, केकचा छोटा व्यवसाय करणारी शेजारीण, ही नावं आधी येतील.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा : या माणसाला मला ‘नाही’ म्हणणं महाग पडेल का? घरी कामाला येणाऱ्या मावशी, ऑफिसमध्ये तुमच्या हाताखाली काम करणारी ज्युनिअर, तुम्ही क्लास घेत असाल तर विद्यार्थ्यांच्या आया, तुमचे भाडेकरू. ही माणसं ‘हो’ म्हणतील, पण ते ‘हो’ वस्तूसाठी नसेल. त्यांना बोलवू नका. ज्यांच्याकडे सध्या पैशांची ओढाताण आहे हे तुम्हाला माहीत आहे, त्यांनाही या आमंत्रणातून सोडवा. त्यांना वेगळं चहाला बोलवा.

किती जणांना बोलवायचं? आधी हॉलमध्ये आरामात किती माणसं बसतात ते मोजा. आठ बसत असतील तर बारा-पंधरा जणांना विचारलं तरी चालतं, कारण सगळे कधीच येत नाहीत. माझी बहीण म्हणते, निम्मे आले तरी दिवस चांगला म्हणायचा.

आणि दिवस बघून घ्या. महिनाअखेरीला पगार संपलेला असतो. मार्गशीर्षातल्या गुरुवारी बऱ्याच घरांत पूजा आणि उपास असतो. पितृपक्षात अनेक जण नवीन खरेदी टाळतात. शाळेच्या परीक्षा चालू असतील तर आया येणार नाहीत. भारताची मॅच असेल तर कुणीच येणार नाही!

मेसेज कसा लिहायचा

सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. ग्रुपवर सगळ्यांना बोलावलं म्हणजे कुणालाच बोलावलं नाही. शिवाय तिथे कुणी उत्तर दिलं आणि कुणी नाही, हे सगळ्यांना दिसतं. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरत असाल तर एक माहिती ठेवा, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. सगळ्यात बरं म्हणजे एकेकाला वेगळा मेसेज, त्याच्या नावानं.

मेसेजमध्ये सहा गोष्टी हव्यात. कशाची विक्री आहे. कधी सुरू होणार आणि किती वाजता संपणार. किमती साधारण किती. यातून तुम्हाला काय मिळणार. न घेता नुसतं बघितलं तरी चालेल. आणि ‘नाही’ म्हणायची सोपी वाट.

मैत्रिणीला असं लिहिता येईल :

‘येत्या शनिवारी ४ ते साडेपाच माझ्याकडे किचनच्या डब्यांचा डेमो ठेवलाय. वस्तू १५० रुपयांपासून १,२०० पर्यंत आहेत. विक्री झाली की मला एक गिफ्ट मिळतं, हेही सांगून ठेवते. फ्रिजमध्ये उभे बसणारे डबे तू शोधत होतीस म्हणून तुझी आठवण झाली. नुसतं बघायला आलीस तरी चालेल. गुरुवारपर्यंत कळव. जमणार नसेल तर नुसता ‘नाही’ टाक, कारण नको.’

शेजारच्या काकूंना मेसेज न करता फोन करा, किंवा दारात उभं राहून सांगा :

‘काकू, शनिवारी चार वाजता आमच्याकडे डब्यांचं प्रदर्शन आहे, विक्रीसाठीच आहे. तुम्हाला बघायला आवडेल असं वाटलं म्हणून सांगायला आले. घ्यायचं काही बंधन नाही हं. आणि जमलं नाही तर अजिबात मनावर घेऊ नका.’

‘मला गिफ्ट मिळतं’ हे वाक्य लिहिताना हात अडखळतो, मान्य आहे. पण समोरच्याला ते नाहीतरी कळतंच, पार्टी संपल्यावर विक्रेती सगळ्यांसमोर गिफ्ट देते तेव्हा. नंतर कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून आधी कळलेलं बरं.

आठवण एकदाच करायची, आदल्या दिवशी, आणि तीही ‘येते’ म्हणालेल्यांनाच. दुसऱ्यांदा केली की ती आठवण राहत नाही, तगादा होतो. ‘नाही’ आलं तर ‘बरं, भेटू लवकरच’ एवढंच उत्तर द्या. त्यांना मागाहून कॅटलॉगची पीडीएफ पाठवू नका. त्यांनी उत्तर दिलंय.

पार्टीच्या दिवशी

आमंत्रणात दिलेला शब्द पार्टीत पाळायचा. साडेपाच म्हटलंत तर साडेपाचला डेमो संपला पाहिजे. ऑर्डरचा कागद सगळ्यांमध्ये फिरवू नका, कारण वर कुणाच्या नावापुढे किती रुपये लिहिलेत हे खालची वाचते. ‘तू काय घेतलंस?’ हा प्रश्न विक्रेतीला विचारू देऊ नका. त्याऐवजी सांगा, ‘ज्यांना हवं असेल त्यांनी उद्या रात्रीपर्यंत व्हॉट्सॲपवर कळवा.’ घरी जाऊन, कपाट उघडून, विचार करून दिलेली ऑर्डर बहुधा रद्द होत नाही. यूपीआयनं पैसे घेतलेत तरी बिल द्या, आणि वस्तू बदलून किंवा परत कशी मिळेल ते तिथेच सांगा.

‘एक प्रोजेक्ट आहे, भेटूया?’

आता आपल्या वयाच्या श्रोत्यांच्या ओळखीचं आमंत्रण. कॉलेजनंतर चार वर्षांनी क्लासमेटचा फोन येतो. ‘अरे, तुझ्यासारख्या हुशार माणसासाठी एक संधी आहे. फोनवर नाही सांगता येणार, भेटूनच बोलू.’ इथे डबे विकायचे नसतात. इथे तुम्हाला साखळीत जोडायचं असतं.

याबाबत कायदा काय म्हणतो ते माहीत असू द्या. ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम २८ डिसेंबर २०२१ रोजी लागू झाले. त्यानुसार थेट विक्रेत्यानं बोलणं सुरू करतानाच आपण कोण, कंपनी कोणती, वस्तू काय आणि भेटीचा हेतू काय, हे खरं आणि स्पष्ट सांगायला हवं. ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जायचं नाही. विक्रेता म्हणून जोडून घेण्यासाठी प्रवेश शुल्क घेता येत नाही. पिरॅमिड योजनेला, म्हणजे माणसं जोडण्याच्याच जोरावर कमाई चालणाऱ्या साखळीला, बंदी आहे. हे नियम डायरेक्ट सेलिंग कंपन्या आणि त्यांच्या विक्रेत्यांसाठी आहेत, घरी साड्या विकणाऱ्या काकूंना डोळ्यांसमोर ठेवून केलेले नाहीत. पण हेतू आधी सांगा, हे तत्त्व काकूंनाही तेवढंच शोभतं.

असा फोन आला तर दोन प्रश्न सरळ विचारा : ‘काही विकणार आहेस का? मला जॉईन व्हायला सांगणार आहेस का?’ उत्तर गोलगोल आलं, तर तुम्हाला तुमचं उत्तर मिळालं. पैसे अडकले असतील किंवा फसवणूक वाटत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे १९१५.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

पहिला व्हॉइस मेसेज : ‘ताई, एवढं सगळं खरं सांगितलं तर कुणी येणारच नाही. मग काय करायचं?’

मग ते पोहे भिजवायच्या आधीच कळलं, हे चांगलं झालं. खरं सांगून कुणी येत नसेल तर त्याचे दोनच अर्थ. एकतर ती वस्तू तुमच्या ओळखीच्या लोकांना नकोय, किंवा त्यांनी अशा खूप पार्ट्या केल्यात. दोन्हींवर उपाय आहे : वस्तू बदला, किंवा सोसायटीच्या आनंदमेळ्यात, बचत गटाच्या प्रदर्शनात टेबल लावा. तिथे येणारा माणूस विकत घ्यायच्या तयारीनंच येतो. न सांगता बोलावलंत तर लोक येतील, पण एकदाच.

दुसरा मेसेज : ‘माझी मैत्रीण दर दोन महिन्यांनी बोलावते. मी दरवेळी दोनशे-तीनशेचं काहीतरी घेते आणि घरी येऊन चिडते. नाही म्हटलं तर तिला वाईट वाटेल.’

तुम्ही एक करून बघा. पार्टीला नाही म्हणा आणि त्याच वाक्यात मैत्रिणीला हो म्हणा. ‘या वेळी मला काही घ्यायचं नाहीये म्हणून डेमोला येत नाही. पण रविवारी संध्याकाळी चहाला येऊ का?’ तिला तुमची सोबत हवी असेल तर ती रविवारी दार उघडेल. आणि खोटी कारणं देऊ नका, पाहुणे आलेत, डोकं दुखतंय वगैरे. कारण दिलं की ती तारीख बदलून देते, आणि मग दुसरं कारण शोधावं लागतं.

आणि होस्ट मंडळींसाठी याच मेसेजमध्ये एक धडा आहे. तुमच्या पार्टीत दरवेळी सगळ्यात स्वस्त वस्तू घेणारी एखादी मैत्रीण असेल, तर ती ग्राहक नाहीये. ती तुमची भीड भरतेय. पुढच्या वेळी तिला यादीतून काढा आणि तसं तिला सांगूनही टाका : ‘अगं, तू नाही आलीस तरी चालेल, आपण नंतर भेटूच.’ तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघण्यासारखा असेल.

तर मंडळी, आजच्या भागात एवढंच. तुमच्या घरात कुणी दिवाळीआधी अशी पार्टी ठेवायचा विचार करत असेल, आई, मावशी, वहिनी, तर हा भाग त्यांना पाठवा. मेसेजचा नमुना वर दिलाय, तो कॉपी करून तुमच्या भाषेत बदलून घ्या. आणि तुम्हाला आलेलं सगळ्यात चलाख ‘सहजच ये’ कोणतं होतं, ते व्हॉइस मेसेजवर नक्की सांगा. नाव न घेता हं! पुढच्या भागात भेटू.